सकाळचा पहिला बिल्ड

नंदू, परवा ऑफिसात तुझी शोकसभा झाली. तुला अजिबात आवडली नसती. तुझ्या आयकार्डावरचा फोटो मोठा करून पुढे ठेवला होता, ज्यात तू पाकीटमारासारखा दिसतोस, आणि त्याला झेंडूचा हार. एकेकाने उठून दोन शब्द बोलायचे होते. माझी पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले की नंदू हा अत्यंत हसतमुख आणि मदतीला तत्पर असा सहकारी होता. हसतमुख! तू! सकाळी अकराच्या आत तुझ्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. लोकांनी माना डोलावल्या आणि मी खाली बसले.

खोटं बोलले मी. तुझ्या बाबतीत ते काही पहिलं खोटं नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. सहा वर्षांपूर्वी त्याच खोलीत, सगळ्यांदेखत, मी एक आकडा सांगितला होता आणि त्या आकड्याने तुझं काम तुझ्या हातातून गेलं. त्याबद्दल तुला सांगायचं राहून गेलं, असं मी गेले पंधरा दिवस मनाशी म्हणतेय. पण राहून बिहून काही गेलं नाही. मी सांगितलं नाही, एवढंच आहे ते.

मी नवीन आले तेव्हा मरोळच्या आपल्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि तू जिन्यातच भेटलास. राहतेस कुठे म्हणून विचारलंस. जोगेश्वरी म्हटल्यावर म्हणालास की मग वाट लागली, इतक्या जवळून उशीर झाला तर कारण काय देशील. चार जिने चढेपर्यंत पुढे एक शब्द नाही. वर आल्यावर कळलं की बिल्डचं काम सांभाळणारा माणूस तो हाच.

आपलं सॉफ्टवेअर इमारतींचे आराखडे काढणाऱ्या इंजिनियरांसाठी. हजारो फायलींत लिहिलेलं. त्या सगळ्या वाचून, जुळवून, मशीनला चालवता येईल असा एक प्रोग्राम तयार करायचा, तो बिल्ड. आदल्या दिवशी सगळ्यांनी लिहिलेलं एकत्र झालेलं असायचं, त्यामुळे सकाळी आल्या आल्या प्रत्येकाला तो पहिल्यापासून करावा लागे. बेचाळीस मिनिटं. तेवढा वेळ मशीन इतकं गुंतून जायचं की साधी मेल उघडत नसे.

तू त्याला बिल्ड कधी म्हटलंच नाहीस. ‘भात लावलंय गो, चल.’ जन्म घाटकोपरच्या चाळीत, शाळा घाटकोपरची, गावी जाणं वर्षातून एकदा, तरी तोंडातली मालवणी काही सुटली नव्हती. बघता बघता सगळ्या ऑफिसने तुझा शब्द उचलला. मध्येच चूक निघून बिल्ड बंद पडला की भात करपला. लुधियानाहून आलेली ती पोरगीसुद्धा डोक्याला हात लावून ‘मेरा भात करप गया यार’ म्हणायची.

भात लागला की आपण खाली उतरायचो. टपरीवर चहा, मग गल्लीतून मेट्रोच्या स्टेशनापर्यंत आणि परत. रोज. हिशेबच करायचा तर मी माझ्या सख्ख्या भावाशी आयुष्यात जेवढं बोलले नसेन तेवढं त्या वाटेवर तुझ्याशी बोलले. तुझे वडील गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले आणि शेवटपर्यंत कुणालाही साहेब म्हणाले नाहीत, नावानेच हाक मारायचे, हे तू मला तीन वेळा सांगितलंस. तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगतोयस अशा थाटात. मी पण ऐकायचे.

आणि मधल्या काळात लग्न होऊन मी बोरिवलीला गेले, ते घर मोडत होतं तेव्हा तू ऐकलंस. तू सल्ला दिला नाहीस. बाकी सगळ्यांनी दिला, ज्यांची स्वतःची धड नव्हती त्यांनीही दिला. तू महिनाभर नुसता शेजारून चालत राहिलास आणि मग एके दिवशी परतताना म्हणालास, ‘जायचं ते जा. पण आधी तुझी सर्टिफिकेटं बाहेर काढ तिथून.’ माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं ते. त्या शनिवारी तू रिक्षा घेऊन सोसायटीच्या गेटबाहेर उभा राहिलास, वर आला नाहीस, आणि मी कागदांची पिशवी आणि दोन बॅगा घेऊन खाली आले. आईच्या दारात बॅगा ठेवून तू त्याच रिक्षाने परत गेलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. आई अजून तुझा विषय निघाला की पाणी घेतलं नाही म्हणून हळहळते.

आता भांडणाकडे येते. तुला ठाऊकच आहे कुठलं.

बेचाळीस मिनिटं का लागतात यावर तू आणि मी दोन वर्षं भांडलो. मी म्हणायचे रॅम कमी पडते. तू म्हणायचास डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची, ती बदला. मी तुला पानंच्या पानं वाचून दाखवायचे आणि तू एकच गोष्ट सांगायचास. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जे काढून ठेवलंय ते पटकन हाताला लागतं. माळ्यावरचं काढायचं तर स्टूल घ्या, चढा, डबा शोधा. मी म्हणायचे, मग ओटा मोठा करा की! तू म्हणायचास, ‘सकाळी ओटो रिकामोच असता गो. सगळा माळ्यावरनाच काढूक होया. मग ओटो केवडो कां असेना.’

आणि आपल्याकडे ते अगदी अक्षरशः खरं होतं. मागे कधीतरी वायरिंग जळलं होतं, तेव्हापासून वॉचमन रोज रात्री साडेआठला आपल्या मजल्याचा मेन स्विच पाडायचा. सगळी मशीनं बंद. रॅमचं कसं असतं, वीज गेली की तिला काही आठवत नाही. सकाळी बटण दाबलं की सगळ्या फायली परत डिस्कवरून एकेक करून वाचायच्या. दुपारी तोच बिल्ड परत लावला तर थोडा लवकर व्हायचा, कारण वाचलेल्यातलं थोडंफार रॅममध्ये राहिलेलं असायचं. तू म्हणूनच सांगायचास की मोजायचं तर सकाळचा पहिला बिल्ड मोजा, दुसरा मोजून फसू नका. हे मला तू शिकवलंस. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी अगदीच चूक नव्हते हं, हे अजूनही सांगते. शेवटी सगळे तुकडे जोडताना आपल्या मशीनांचा जीव जायचा तो रॅम कमी म्हणूनच. तू ते कधी धडपणे कबूल केलं नाहीस. ‘बघू’ म्हणायचास. हे भांडण आता असंच लोंबकळत राहणार.

मग मोठ्या साहेबांनी सांगितलं की दोन्ही मिळणार नाही, एकच काय ते मागा आणि मोजून दाखवा. तुझ्या डिस्कचा नमुना देणाऱ्याने आयत्या वेळी टांग मारली. माझी रॅम आली. त्याच वर्षी कुणाला तरी टीम लीड करणार होते, ते तुला माहीत होतं आणि मलाही. तुला लीड व्हायचं नव्हतं, तू तसं शंभर वेळा म्हणालास. मला व्हायचं होतं. मी बोरिवली सोडून आईच्या दोन खोल्यांत येऊन पडले होते, नातेवाईक येऊन कीव करून जायचे, आणि मला कुठेतरी एकदा जिंकायचं होतं. हे कारण म्हणून सांगतेय. माफी म्हणून नाही.

मीटिंगच्या आदल्या दुपारी मी मशीन बंद करून नवी रॅम बसवली, चालू केलं आणि बिल्ड लावला. खाली उतरले नाही. खुर्चीत बसून राहिले. तो झाला, आकडा बघितला. लगेच दुसऱ्यांदा लावला. एकोणीस मिनिटं. का एकोणीस, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मोठ्या ओट्यावर सगळं आधीच काढून ठेवलेलं होतं, माळ्यावर चढायची वेळच आली नाही. मी कागदावर एकोणीस लिहिलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी बेचाळीसच्या शेजारी एकोणीस दाखवलं आणि खोलीतले सगळे सरसावून बसले. साहेब खूश. अर्ध्याहून कमी! तू टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होतास. तू एकच प्रश्न विचारलास, तोही हळू.

‘हा कितवा बिल्ड गं?’

‘पहिलाच,’ मी म्हटलं.

तू माझ्याकडे बघत राहिलास. रागाने नाही. रागाने बघितलं असतंस तर मी तिथेच भांडले असते आणि भांडता भांडता खरं काय ते तोंडातून निघून गेलं असतं, तेवढा मला माझा स्वभाव माहीत आहे. तू ‘बरं’ म्हणालास आणि पेनाला टोपण लावलंस.

पुढचं सगळं तुझ्यावर गेलं. सगळ्या मशीनांत रॅम आली आणि सकाळचा पहिला बिल्ड होता तिथेच राहिला, एखाद दुसरं मिनिट इकडे तिकडे. लोक कुरकुरायला लागले. साहेबांना वाटलं, वृषालीने मोजून दाखवलंय म्हणजे रॅम बरोबरच आहे, मग दोष बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे तो कसा करायचा ते मशीनला सांगणाऱ्या सूचनांत असणार, आणि ती स्क्रिप्ट तुझी. तुला बोलावलं, विचारलं. तू म्हणालास की स्क्रिप्ट ठीक आहे, डिस्क बदलून बघा. ते चिडले, तेच तुणतुणं किती दिवस वाजवणार म्हणाले. मी त्या खोलीत होते, नंदू. मी माझ्या फोनमध्ये काहीतरी बघत होते.

दोन महिन्यांत तुला चेंबूरला पाठवलं, तिथल्या एका मोठ्या ग्राहकाच्या ऑफिसात बसून त्यांच्या तक्रारी सोडवायला. बिल्ड माझ्याकडे आला. लीडही मीच झाले. तू जाताना तुझं ड्रॉवर रिकामं केलंस, त्यात लोणच्याची बाटली निघाली, ती मला दिलीस आणि म्हणालास की बिल्डमधली मोठी कामं एका वेळी आठाच्या वर लावू नको, मशीन बसतं. मी हो म्हटलं. तू गेलास.

सांगायला संधी मिळाली नाही असंही नाही. तू महिन्यातून एकदा मरोळला यायचास. एकदा मी ठरवून तुझ्याबरोबर खाली उतरले, टपरीवर उभी राहिले, आणि तू विचारलंस आई कशी आहे. मी आईचं सांगितलं. गुडघ्यांपासून मोतीबिंदूपर्यंत सगळं सांगितलं. चहा संपला. मग एकदा तुझ्या वाढदिवसाला फोन केला, तर तू बाजारात होतास आणि कोळणीशी हुज्जत घालत होतास, पापलेट ताजं नाही म्हणून. नंतर बोलू म्हणालास. नंतर मी केला नाही. प्रत्येक वेळी वाटायचं की आता इतके दिवस झालेत, आता सांगितलं तर नुसतं खोटं बोलल्याचं नाही, इतके दिवस गप्प बसल्याचंही सांगावं लागेल. दिवस जातील तसं ते वाढतच गेलं.

आणि हे सगळ्यात वाईट. दीड वर्षाने मीच डिस्क बदलायची मागणी केली. साहेबांसमोर उभी राहिले आणि ओटा आणि माळा सांगितलं. तुझ्याच शब्दांत, फक्त मालवणी काढून. साहेब म्हणाले, वा, किती सोपं करून सांगतेस गं तू. डिस्क आली, सकाळचा पहिला बिल्ड बारा मिनिटांवर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेंबूरला बातमी गेली असणार, कारण संध्याकाळी तुझा फोन आला. ‘झकास झालं गो,’ म्हणालास, ‘मशीनं सुटली एकदाची.’ तुझ्या आवाजात खोच आहे का म्हणून मी कान देऊन ऐकत होते. नव्हती. तुला खरंच बरं वाटलं होतं. मी फोन ठेवला आणि पॅन्ट्रीत जाऊन रडले, आणि डोळे धुऊन परत जागेवर येऊन बसले.

आता बिल्ड चार मिनिटांत होतो. नवी मशीनं, भरपूर रॅम, चिमुकल्या डिस्क, तुझं माझं दोघांचं मिळून. चार मिनिटांत कुणी खाली उतरत नाही. पोरं कानात बोंडं घालून बसून राहतात. भात हा शब्द मात्र टिकलाय, कुठून आला ते कुणाला माहीत नाही. त्या दिवशी दुपारी मी भात लावून बसले होते तेव्हाच ग्रुपवर तुझी बातमी आली. मी ती वाचली, परत वाचली, आणि बिल्ड होऊन गेला तरी मी तशीच बसून होते.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातले सगळे मिळून तुझ्या घरी आलो होतो. दहा माणसांत काय बोलणार. तुझी सुप्रिया सगळ्यांना बसा बसा म्हणत होती. म्हणून तेरावं झाल्यावर मी एकटी गेले, काल. दुपारची. तुझी बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय ते काल कळलं.

मी तिला सांगायला सुरुवात केली, आणि तिथेही, बघ, मी आधी चूक म्हणूनच सांगितलं. म्हटलं, माझ्याकडून मोजण्यात चूक झाली होती, मी दुसऱ्या वेळचा आकडा धरला, त्यामुळे नंदूवर अन्याय झाला, मला त्याला सांगायचं होतं. सुप्रियाने मध्येच थांबवलं नाही. ऐकून घेतलं. मग लॅबमध्ये एखाद्या नवीन पोरीला विचारावं तसं विचारलं, ‘दुसऱ्या वेळी एकोणीस. मग पहिल्या वेळी किती आलं होतं?’

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा कितवा म्हणून विचारलंस, किती म्हणून नाही.

‘एकेचाळीस,’ मी म्हटलं. ‘बघितलं होतं मी. माहीत होतं मला.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘त्यालाही एकेचाळीसच आलं होतं.’

मला समजेना. मग तिने सांगितलं. त्या मीटिंगच्या दिवशी तू सकाळी सातलाच घरातून निघालास, ऑफिस उघडून घेतलंस, रात्रभर बंद असलेलं माझं ते मशीन चालू केलंस आणि मी यायच्या आत पहिला बिल्ड करून बघितलास. संध्याकाळी घरी येऊन तिला सगळं सांगितलंस. म्हणजे तू मला कितवा विचारलंस तेव्हा खरा आकडा तुझ्या खिशात होता.

सुप्रिया म्हणाली, आमच्याकडे असा रिपोर्ट दिला तर नोकरी जाते. म्हणाली, मला तुझा फार राग आला होता, अजून आहे, तो चेंबूरला जाऊन नुसता तक्रारी ऐकत बसायचा आणि घरी आल्यावर गप्प असायचा, ते मी बघितलंय. ती जे बोलली ते सगळं बरोबर होतं. मग मी विचारलं की त्याच्याकडे आकडा होता, तर तो तिथेच सगळ्यांसमोर बोलला का नाही.

‘मीही हेच विचारलं त्याला,’ ती म्हणाली. ‘म्हणाला, तिचं आत्ता कुठे मार्गी लागतंय, चारचौघांत कशाला पाडायचं. तिला मन आहे. दोन-चार दिवसांत येईल आपणहून सांगायला.’

त्यानंतर तू सहा वर्षं होतास, नंदू.